हे झाड माझं न्हाई

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आई मागच्या दाराने रिकाम्या हाताने आत आली आणि म्हणाली, "ते झाड माझं न्हाई."

मी डबा भरत होते. साडेसहा वाजून गेले होते, सातला मला निघायचं होतं, आणि अशा वेळी कोणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. "कुठलं झाड?" मी विचारलं.

"गुलाबाचं. कोणीतरी बदललं. माझं नेलं आन् दुसरंच लावून ठिवलं."

भाजीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. दुसऱ्या कोणाच्या आईने हे म्हटलं असतं तर तिची मुलगी हसली असती. मला हसू आलं नाही, कारण असलं वाक्य मी आमच्या घरात आधी ऐकलेलं होतं.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, बीडकडे गावी राहायची. तिचं असंच सुरू झालं. एके दिवशी ती म्हणाली, हे लुगडं माझं न्हाई. सगळे हसले. मग म्हणाली, हे ताट माझं न्हाई. मग घर तिचं राहिलं नाही, आणि शेवटी पोटचा मुलगाही तिचा राहिला नाही. आई जाऊन उशाशी बसली की मावशी तिला विचारायची, "बाई, तुमी कोणाच्या?" सख्ख्या बहिणीला अहोजाहो. मी दारात उभी राहून ते ऐकलंय. आरडाओरडा केला असता तर मला इतकं लागलं नसतं, पण तिची ती अदब मला अजून आठवते.

म्हणून त्या सकाळी मी आईला फक्त एवढंच म्हटलं, "संध्याकाळी बघते." डबा घेतला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की भाजीचा डबा ओट्यावरच राहिला होता. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं आणि मी निघाले होते तिचं तपासायला.

आम्ही दोघीच राहतो. मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये, तळमजल्यावर. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे आणि नातेवाइकांनी तो पुरेसा चघळलाय. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात काम करते. सातला गेले की संध्याकाळी सहाला परत. मधले अकरा तास आई एकटी, गॅस, इस्त्री, नळ आणि दोन दारं यांच्यासोबत. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं डोकं शाबूत आहे, या एकाच खांबावर आमचं घर उभं आहे. तो खांब हलला तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आत्ताही नाही.

स्वयंपाकघराच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक आठ फुटांची पट्टी आहे. सोसायटीच्या कागदावर तिला गार्डन म्हणतात. त्यात गटाराची दोन झाकणं, एक जास्वंद, शेजारच्या गुजराती काकींची तुळस, आणि आईचा गुलाब. पाच-सहा वर्षांपूर्वी तिने तो हातगाडीवाल्याकडून प्लास्टिकच्या पिशवीतून आणला. लाल, वासाचा. रोज सकाळी त्यातलं एक फूल तोडून ती बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवायची आणि पुष्पपूजेची गाथा म्हणायची. हे फूल कोमेजेल तसा हा देहही जाणार, असा तिचा अर्थ. आई ती ठसक्यात म्हणते, भाजीवालीला भाव सांगावा तशी.

संध्याकाळी मी चपला सरकवून मागे गेले. भिंतीला टेकून लांबलचक फोक वाढले होते, वाकून पाइपावर पडलेले. पानं बारीक. काटे जवळजवळ नाहीतच. आणि फोकांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गुच्छ. एकेक फूल जुईपेक्षा जरा मोठं, पाच पाकळ्या, मध्ये पिवळं. दिसायला गोड होतं, खोटं कशाला बोलू.

आई मागे येऊन उभी राहिली. "बघ. हे माझं हाय का?"

मला सांगता येईना. पाच वर्षं ते झाड माझ्या खिडकीपासून चार पावलांवर होतं आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मूर्तीपुढचं फूल लाल असायचं, हे आठवत होतं. पण आई नाक्यावरच्या फूलवालीकडूनही फुलं आणायची, पावसाळ्यात तर रोजच. मूर्तीपुढचं लाल फूल झाडाचं होतं की पुडीतलं, ते मी कशाला बघतेय? मला ऑफिस गाठायचं असायचं.

"शेवटचं फूल कधी तोडलंस तू?" मी विचारलं.

"तोडलं की. मागं." तिने पदर सारखा केला. "पावसात न्हवती येत फुलं. म्हून मी गेलेच न्हाई तिकडं." असं म्हणताना तिने माझ्याकडे न बघता जास्वंदीकडे बघितलं, आणि माझी भीती आणखी वाढली.

मी मोबाइलमधले सगळे फोटो चाळले. आईचा त्या पट्टीतला एकच फोटो सापडला, दोन वर्षांपूर्वीच्या बुद्धपौर्णिमेचा. पांढऱ्या साडीत आई, आणि तिने नेमकं ते झाड झाकलेलं. तिच्या खांद्याच्या वर एक लाल ठिपका होता. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. फूल असेल. काकींच्या दोरीवरचा टॉवेलही असेल. मोठा करत गेले तसा तो नुसता लाल चौकोन झाला.

पुढचे तीन आठवडे मी भीतीने अर्धी झाले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरात ब्रह्मराक्षसाला थारा नाही, तरी तो माझ्या पाठीवर बसून ऑफिसात यायचा. आईने आमटीत दोनदा मीठ टाकलं, मी नोंद घेतली. आईने मला मावशीच्या नावाने हाक मारली, मी नोंद घेतली. तशी ती मला आयुष्यभर अर्ध्या खानदानाच्या नावांनी हाका मारून मग माझ्या नावावर यायची, पण आता तेही मला खरं वाटेना. ऑफिसातून दिवसाला तीन-तीन फोन करायचे. "आई, आज वार कोणता?" असं सरळ विचारता येत नाही, म्हणून मी विचारायचे, "आई, आज कचऱ्याची गाडी आली का?" ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार.

तिला ते कळायचं. एकदा तिने फोनवर सुनावलं, "बुधवार हाय आज. अजून काय इचारायचंय?" मला हायसं वाटलं. त्या दिवशी गुरुवार होता, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. म्हणजे चूक तिची, की माझ्या लक्षात न येणं जास्त वाईट? मी तो प्रश्न तिथेच सोडून दिला.

मावशीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी घड्याळ काढायला सांगा, काटे कुठे काढतात ते बघा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. "आई, शाळेत चित्र हवंय, घड्याळ काढून दे ना." आईने पेन्सिल हातात घेतली, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला कवा घड्याळ काढता येत होतं?" ती म्हणाली. खरंच होतं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली, तेवढीच पेन्सिलीशी तिची ओळख. ज्यांनी लहानपणी चित्रं काढली त्यांच्यासाठी ती परीक्षा होती. कागद गुंडाळून मी कचऱ्यात टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

एका शनिवारी गुजराती काकींनी मला जिन्यापाशी गाठलं. भल्या बाई आहेत, आईचं आणि त्यांचं खाण्यापिण्याचं येणंजाणं आहे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बेन, बुरा मत लगाना. तुम्हारी मम्मी मेरेको पूछती है, मेरा झाड किधर रखा तुमने. मैं क्या गुलाब चोरूंगी इस उमर में?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हात जोडून माफी मागितली. "नहीं नहीं," त्या म्हणाल्या, "पर उनको किसी को दिखाओ." हे ऐकायचं नव्हतं म्हणून मी इतके दिवस कोणाला काही बोलले नव्हते, आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी आईने फोन उचलला नाही. एकदा, दोनदा, आठ वेळा. काकी सुरतेला गेल्या होत्या. मी साहेबांना न विचारता निघाले. रिक्षावाल्याला "भैया, जल्दी" असं इतक्या वेळा म्हटलं की त्याने शेवटी विचारलं, "हॉस्पिटल जाना है क्या?" गेटात उतरले तर समोरून वॉचमन आईला दंडाला धरून आणत होता. पलीकडच्या सोसायटीच्या आवारात ती कुंड्या उचलून उचलून बघत होती म्हणे. पायांत चपला नव्हत्या. पाठीमागे आमचं दार सताड उघडं.

"आंटी खो गयी थी," वॉचमन म्हणाला.

आईने दंड सोडवून घेतला. "मी हरवले न्हवते," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मी शोधत होते."

मी तिचे तळवे धुतले. ती पाटावर बसून ताठ मानेने भिंतीकडे बघत होती. मला तिची कीव आली नाही, मला तिचा राग आला, आणि त्या रागाखाली नुसती भीती होती.

तेव्हाच मी मनात एक बाजी लावली. झाड खरोखर बदललेलं निघालं, तर आई बरोबर आहे. आई बरोबर असेल, तर तिला काही झालेलं नाही. आणि झाड पहिल्यापासून हेच असेल, तर मला डॉक्टरांकडे तारीख घ्यायची. आमच्यात देवाला कौल लावत नाहीत. मी गुलाबाला लावला.

आता ते झाड कोणतं आहे हे शोधणं आलं. मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं. पानाचा फोटो काढला तर त्याने एक नाव सांगितलं, फुलाचा काढला तर दुसरं, फांदीचा काढला तर ते म्हणालं, ब्लॅकबेरी. बागप्रेमींच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. चाळीस उत्तरं आली. कोणी म्हणालं शेवंती, कोणी म्हणालं हिमालयातला जंगली गुलाब, लकी आहात. एका काकांनी गुड मॉर्निंग पाठवलं आणि एकाने खताची जाहिरात. हायवेवरच्या नर्सरीत फांदी घेऊन गेले. तिथल्या माणसाने फांदी हातात न घेताच सांगितलं, "मॅडम, वो छोडो, ये नया ले जाओ, डच है."

शेवटी उत्तर सापडलं ते जिथे आई रोज जायची तिथे. नाक्यावर बसणारी फूलवाली जवळच्या राई गावची. साठीची असेल, बारीक, कपाळावर मोठं कुंकू. मी फुलं घेता घेता पिशवीतून फांदी काढली आणि विचारलं, "काकू, हे काय आहे ओळखता येईल?"

तिने हातातला गजरा बाजूला ठेवला. फांदी उलटीसुलटी केली, पानाच्या देठावरून बोट फिरवलं. "मोज," ती मला म्हणाली.

मी एका देठावरची बारकी पानं मोजली. सात.

"तुझ्या आयशीच्या गुलाबाला पाच असायची. ती मना दाखवायला आनायची फूल, देठासकट." तिने फांदी परत दिली. "यो तो गुलाब न्हाय गो बाय. पन मुळाशी बगल्याशिवाय मी काय बोलायची न्हाय."

आई फूल हिला दाखवायला आणायची. म्हणजे लाल गुलाब होता. खरोखर होता, देठाला पाच पानं असलेला, आणि तो बघणारं एक माणूस या जगात होतं. मी फुटपाथवर, तिच्या टोपलीशेजारी, बसकण मारली. तिने मला पाणी दिलं.

रविवारी अकरा वाजता, फुलं संपल्यावर, ती रिक्षाने घरी आली. आई आत डाळ निवडत बसली होती. मी मुद्दामच तिला बाहेर बोलावलं नाही, आधी मला एकटीला ऐकायचं होतं. फूलवाली पट्टीत उकिडवी बसली आणि हाताने बुंध्याची माती उकरायला लागली. बोलता बोलता तिने सांगितलं की राईला त्यांची वाडी होती, तिथे ती आणि तिचा दीर गुलाबाचे डोळे भरायचे. आता तिथे बिल्डिंगी आहेत. डोळा भरायचा म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तिने बोटाने दाखवत समजावलं.

"खाली रानगुलाबाचा खुंट लावायचा. तो चिवट, त्याला कायबी चालतं. त्याच्या सालीत चीर द्यायची नि चांगल्या गुलाबाचा डोळा आत बसवायचा, बांधून टाकायचा. डोळा फुटतो, वर वाढतो, फुलं देतो. खालचा निसता पानी वडतो. लोकाना वाटतं एकच झाड हाय. दोन असतात."

"आणि मग हे?"

"वरचा गेला की खालचा उठतो. ह्यो बग रानगुलाब. कोनी बदलला न्हाय. ह्यो पयल्यापासनं हितंच व्हता, मातीत, गप."

मला हसू फुटलं. मोठ्याने, एकटीच, गटाराच्या झाकणावर उभी राहून हसले मी. आई बरोबर होती! झाड तेच होतं आणि तिचं नव्हतं. चाळीस शहाण्यांना, ॲपला, नर्सरीला, मला, कोणाला कळलं नव्हतं ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या, जेमतेम सही करणाऱ्या बाईला एका नजरेत कळलं होतं. जिवात जीव येणं म्हणजे काय, ते मला त्या मिनिटाला कळलं. ते मिनिटभरच टिकलं.

फूलवाली अजून माती बाजूला करत होती. नव्या फोकांच्या मधोमध एक जुना, काळा पडलेला खुंट निघाला, अगदी जमिनीसरसा. तिने त्यावर थुंकी लावून अंगठ्याने पुसलं.

"पन यो आपसूक न्हाय मेला," ती म्हणाली. "कापलाय. डोळा बसवला व्हता त्या सांध्याच्या खालनं."

"सोसायटीचा माळी असेल."

"माळी कात्रीनं कापतो. नि वर कापतो, टीचभर ठिवून. यो बग." तिने माझा हात धरून माझं बोट खुंटावरून फिरवलं. काप तिरका होता, आरशासारखा साफ. "एक घाव हाय. कोयत्याचा. जमिनीला टेकून. असं कोन गुलाब कापतं, सांग?"

माझं बोट त्या खुंटावरच राहिलं. असं गुलाब कोणीच कापत नाही. असा ऊस कापतात.

आई सात वर्षांची असल्यापासून माझ्या आजी-आजोबांबरोबर ऊसतोडीला जायची. दिवाळीनंतर गाव सोडायचं, कारखान्याकडच्या उसाच्या फडात पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहायचं, उन्हाळ्यात परत. नवराबायकोच्या जोडीलाच तिकडे कोयता म्हणतात. अकराव्या वर्षी तिच्या स्वतःच्या हातात कोयता आला. ऊस अगदी जमिनीसरसा, बुडख्यातून, एका घावात तोडायचा. बोटभर वर राहिला की मुकादम शिव्या द्यायचा, आणि खालून तोडला की त्याच मुळ्यांतून खोडवा, म्हणजे पुढचं पीक, जोमाने फुटतो. लग्न होऊन मुंबईकडे येईपर्यंत तिने तेच केलं. या पूर्ण सिल्व्हर पार्कमध्ये, डॉक्टर, दुकानदार, मास्तर, रिटायर्ड साहेब मिळून, कोयत्याने असा घाव घालणारं एकच माणूस राहतं.

आणि मग मला श्रावणातली ती संध्याकाळ आठवली. मी ऑफिसातून आले तेव्हा आई मागच्या पायरीवर बसली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल, पदर खोचलेला, चेहरा लहान मुलीसारखा खुललेला. मला बघून म्हणाली, "झाला बाई एक फड." मी फोनवर होते. शाळेच्या कुठल्यातरी परिपत्रकावरून वाद चालला होता. फोनवर हात ठेवून मी विचारलं होतं, "कसला फड?" ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काय न्हाई." मी तिला पाय धुवायला सांगितलं आणि आत जाऊन वाद संपवला.

फूलवाली माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. मी आत गेले आणि सिलिंडरच्या मागे वाकून बघितलं. नारळ फोडायला आई जो आजीचा कोयता वापरते, तो तिथे होता. पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. हंगाम संपल्यावर, पुढच्या दिवाळीपर्यंत, ठेवतात तसा. मी तो परत होता तसा ठेवला.

म्हणजे मावशीचं वाक्य आईच्या तोंडी आलं त्याच्या सहा महिने आधीच आई एकदा दुपारी या घरातून निघून गेली होती. अकरा वर्षांची होऊन, कुठल्याशा फडात जाऊन, काम करून परत आली होती. आणि मी तिला पाय धुवायला सांगितलं होतं.

एवढ्यात आई दारात आली. फूलवालीला बघून तिचा चेहरा उजळला. "तू कवा आलीस? हिनं मला सांगितलं बी न्हाई." मग तिची नजर उकरलेल्या मातीवर गेली. ती सावकाश पायऱ्या उतरून आली. "बघितलंस तू? सांग हिला. माझं हाय का ते?"

फूलवालीने एकदा माझ्याकडे बघितलं. "तुजा गुलाब वरचा व्हता बाय. तो गेला. यो खालचा हाय, रानातला."

आईने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि माझ्याकडे वळली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली. "ऐकलंस? मला येडी समजत होतीस तू. घड्याळ काढायला लावत होतीस! कळत न्हाई व्हय मला? माझ्या ताईला बघितलंय मी. तसं काय झालं न्हाई मला."

"नाही झालं," मी म्हटलं.

"मग रडतीस कशाला?"

"उगाच. बरं वाटलं म्हणून."

तिने पदराने माझं तोंड पुसलं, खसाखसा, मी शाळेतून आल्यावर पुसायची तसं. फूलवालीला म्हणाली, बस, च्या टाकते, साखर किती घालू. काकी सुरतेहून आल्या की त्यांच्याकडे जाऊन बोलून येते, उगाच बिचारीला लागलं असेल, असंही म्हणाली. तिचं सगळं बोलणं लख्ख होतं. दाराशी जाऊन ती थांबली, परत आली, आणि त्या खुंटापाशी गुडघ्यावर हात टेकून वाकली. तिने कापावरून बोट फिरवलं, फूलवालीने माझं फिरवलं होतं तसंच. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"जित्या झाडावर घाव घातलाय कोणीतरी," ती म्हणाली. तिचा आवाज रागाने कापत होता. "तू शोधून काढ त्याला. सोडायचं न्हाई. माझ्यापुढं आणून उभा कर, मी इचारते त्याला, माझ्या झाडानं तुझं काय वाकडं केलं हुतं."

ती माझ्याकडे बघत उभी होती. हो म्हणाल्याशिवाय हलणार नव्हती.

"हो," मी म्हटलं. "शोधते."